जोहार ऐकला, जमिनीचं काय?



25 जुलैला दिल्लीत द्रौपदी मुर्मू यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली आणि भाषणाला सुरुवात केली ती 'जोहार' म्हणून. तेव्हापासून सातारा-सांगलीत जो भेटेल तो आम्हाला विचारतोय, "काय, आता तरी खूश ना?" विचारणारा तहसील कचेरीतला असतो, एखाद्या पक्षाचा असतो, नाहीतर चहाच्या गाड्यावरचा. आम्ही तोंड उघडायच्या आत तोच उत्तर देऊन मोकळा होतो.

एक जमात आहे पेढे वाटणारी. उपरबेडा गावच्या संथाळ घरातली मुलगी, गावातून कॉलेजात गेलेली पहिली, देशाच्या सर्वात मोठ्या खुर्चीवर बसली. म्हणजे आदिवासींचा प्रश्न मिटला, आता कशाचे मोर्चे काढता? दुसरी जमात नाक मुरडणारी. "रबरी शिक्का हाय, दुसरं काय? लिहून दिलं ते बाईनं वाचलं." हे बोलणारे स्वतःला पुरोगामी म्हणवतात. आदिवासी बाई स्वतःच्या डोक्यानं काही करूच शकत नाही, हे यांनी आधीच धरून ठेवलंय. तिसरी जमात संसदेतली. अधीर रंजन चौधरींच्या तोंडून 'राष्ट्रपत्नी' शब्द गेला आणि 28 जुलैला दोन्ही सभागृहं बंद पडली. शब्द वाईटच होता. पण आमच्या जमिनीसाठी यांनी इतक्या तावातावानं सभागृह बंद पाडलेलं आम्ही काही पाहिलं नाही.

वस्तीवरच्या बायकांनी भाषण मोबाइलवर ऐकलं. एक म्हातारी म्हणाली, "आपल्यावानी बाई हाय, तिला समजंल. पर तिला सांगनार कोन?" पेढे आणि नाक मुरडणं, दोन्हीपेक्षा आम्हाला हे जास्त पटलं.

मग आम्ही भाषण बसून वाचलं. त्यात संथाळ, कोल, भिल्लांच्या उठावांची नावं आहेत, बिरसा मुंडा आहेत. राष्ट्रपतीच्या तोंडून ही नावं आली याचं मोल आहेच. पण हे उठाव झाले कशापायी? 1855 चा संथाळांचा हूल झाला तो सावकार-जमीनदारांनी पिळून काढलं म्हणून. कोल उठले ते जमिनी बाहेरच्या ठेकेदारांना दिल्या म्हणून. भाषणात हे सगळं स्वातंत्र्यलढ्यातलं योगदान म्हणून येतं, आणि जमीन मधल्या मध्ये गळून जाते. जंगल आणि जलाशयांचं महत्त्व आपण आयुष्यात अनुभवलं, असंही मुर्मूताई म्हणाल्या. आमच्याकडे या दोन शब्दांचा अनुभव वेगळा आहे. कोयनेच्या खोऱ्यात आधी जलाशयानं गावं उठवली, मग 1985 ला अभयारण्य आलं, 2010 ला व्याघ्र प्रकल्प. कुमरीची नाचणी करून खाणारा माणूस त्याच डोंगरात अतिक्रमणदार ठरला. 2006 च्या वनहक्क कायद्यानं हा अन्याय कबूल केला. त्या कायद्याचं भाषणात नाव नाही.

आणि वेळ बघा. शपथेच्या महिनाभर आधी, 28 जूनला, केंद्रानं वनसंवर्धनाचे नवे नियम काढले. कंपनीला जंगल देताना लोकांचे हक्क आधी मिटवायचे, ग्रामसभेला आधी विचारायचं, ही केंद्राच्या मंजुरीआधीची अट गेली. आता मंजुरी आधी, हक्काचं राज्य सरकार नंतर बघेल. घर विकून झाल्यावर घरातल्या माणसाला विचारायचं, तसला हा प्रकार. पेढेवाले यावर गप्प, नाक मुरडणारेही गप्प.

रबरी शिक्का म्हणणाऱ्यांना एक आठवण देतो. झारखंडमध्ये छोटानागपूर आणि संथाळ परगणा कूळकायद्यांत बदल करून आदिवासींच्या जमिनी मोकळ्या करायचा घाट तिथल्या भाजप सरकारनं घातला, तेव्हा राज्यपाल याच होत्या. लोक रस्त्यावर उतरले होते. 2017 ला त्यांनी ती विधेयकं परत पाठवली, आणि सरकारला ती सोडून द्यावी लागली. म्हणजे बाईंना 'नाही' म्हणता येतं. पण ते त्यांनी लोक उठल्यावर म्हटलं, हेही पेढेवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

आमच्या या दोन जिल्ह्यांत पाचव्या अनुसूचीतलं एकही गाव नाही, म्हणून पेसा नाही. गाव अनुसूचित क्षेत्रात घालायचा आदेश राष्ट्रपतींच्या सहीनं निघतो. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशिवाय सही होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी मागणी तिथंच जाणार.

दुसरी मागणी जवळच जाते. 30 जून 2022 ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, 4 जुलैला विधानसभेत त्यांचं भाषण झालं. साताऱ्याचा चौथा मुख्यमंत्री म्हणून जिल्हा तेव्हा मिरवत होता. त्यांचं दरे गाव कोयनेच्या फुगवट्याच्या काठावर. त्या पाण्याखाली काय गेलं ते त्यांना आम्ही सांगायला नको. नव्या नियमांनी हक्कांची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, म्हणजे ती तेव्हा त्यांच्याच टेबलावर आली होती. वीटभट्टीच्या उचलीपायी गावोगाव फिरणाऱ्या कातकऱ्याला जातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. गवळी धनगराला 75 वर्षांच्या तीन पिढ्या दाखवायला सांगतात. ज्यांना कधी कुणी कागदच दिला नाही, त्यांच्याकडे कागद मागायचा!

9 ऑगस्टला, आदिवासी दिनी, नाच-गाणं होऊ द्या. पण त्याआधी प्रत्येक वस्तीनं वनहक्क दाव्याच्या पोचा, नामंजुरीची पत्रं आणि अडलेल्या दाखल्यांची यादी एकत्र करावी. सांगलीकडच्या गायरानावरच्या पारधी वस्त्यांनी नोटिसा आल्या असतील तर त्याही जोडाव्यात. एक पत्र राष्ट्रपती भवनाला जाईल, प्रत मुख्यमंत्र्यांना. ज्यांना दाव्याची पोचच दिली नाही त्यांनी दावा कुणाच्या हातात दिला, कुठल्या सुगीला दिला, एवढं सांगितलं तरी लिहून घेऊ. अंगठा चालेल.