हसविण्याची जकात

‘बायकांना विनोदाचे अंग नसते’ असे थोर मत आपल्याकडे फार दिवस पोसले गेले आहे. ते मांडणारे गृहस्थ बहुधा बायकोवर कोट्या करून चार पाहुण्यांना हसवीत असतात, आणि बायको आत त्यांच्यासाठी चहा टाकीत असते. अशा गृहस्थांना मी फिलिस डिलर या अमेरिकन बाईची हकीकत ऐकवू इच्छिते.

ही बाई ७ मार्च १९५५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पर्पल ओनियन’ नावाच्या नाइटक्लबात प्रथम उभी राहिली. वय सदतीस, पदरी पाच मुले, घरात पैशाची ओढाताण! क्लबातली विनोदाची गादी तेव्हा पुरुषांची. बायको आणि सासू हे त्यांचे भांडवल. डिलरबाईंनी तेच भांडवल उलटे फिरविले. ‘फँग’, म्हणजे ‘सुळा’, नावाचा एक काल्पनिक नवरा उभा केला आणि त्याच्या आळसाचे वाभाडे काढले. दोन आठवड्यांची बोली एकोणनव्वद आठवडे लांबली!

यावर काही शहाणे म्हणतात, ‘पण ती स्वतःच्या कुरूपतेवरच हसवी. हा कसला स्त्रीचा मान?’ अहो, ती कुरूपता हे सोंग होते! मूळची बाई चांगल्या बांध्याची. पोत्यासारखे झगे घालून तो ती झाकी. हातातल्या लांब नळीतली सिगारेटही खोटी. ती कधी ओढीत नसे. देखण्या बाईने नवऱ्याची टर उडविली असती तर प्रेक्षकांनी खपवून घेतले असते काय? म्हणून आधी स्वतःला हसायचे आणि मग जगाला. ही जकात तिने भरली खरी; पण नाके कोणी बसविले होते? दोष द्यायचा तर त्यांना द्या.

आणि कष्ट! पन्नास हजारांहून अधिक विनोद कार्डांवर टिपून, विषयवार लावून, तिने पोलादी कपाटात ठेवले. आज ते कपाट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. २००२ पर्यंत ती रंगमंचावर उभी राहिली आणि २०१२ साली, पंचाण्णवाव्या वर्षी वारली. ‘अंग नसते’ म्हणणाऱ्यांनी निदान ते खण मोजावेत.

पण दुसऱ्यांना कशाला बोल लावू? मीही त्या नाक्यावर बसलेली आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात एका मुलाने मास्तरांची नक्कल केली, तेव्हा मी टाळ्या पिटल्या. पुढच्या वर्षी एका मुलीने तीच केली, तर तिला विंगेत बोलावून म्हटले, “मुलीच्या जातीला हे शोभत नाही.” ती पुन्हा कधी रंगमंचावर चढली नाही. आज आठवले की माझीच मला लाज वाटते.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळाच्या ताटावर घरातली लेक किंवा सून काही मिस्कील बोलली, तर “काहीतरीच तुझं!” म्हणून तिला गप्प करू नका. चकली हातात धरा आणि ऐका. कदाचित गोष्ट तुमचीच असेल, तरीही हसा!