दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष नको

‘डॉक्टर, तोंड आलंय. बी-कॉम्प्लेक्स लिहून द्या,’ असे म्हणत परवा एक गृहस्थ दवाखान्यात आले. गालाच्या आत पांढरट चट्टा, मधोमध लालसर जखम. ‘किती दिवस झाले?’ ‘तीन महिने. पण दुखत नाही हो!’ तंबाखूचा बार ते रोज तिथेच भरतात.

वाचकहो, तंबाखूतील विषारी द्रव्ये पेशींच्या जनुकांवर थेट आघात करतातच. पण दुसरीही एक गोष्ट घडते. तंबाखू-चुन्याने त्वचा रोज सोलवटते आणि तिथे दाह सुरू होतो. दाह हा मुळात शत्रू नव्हे. वाडीत चोर शिरला की लोक काठ्या घेऊन धावतात, तशा रक्तातील पांढऱ्या पेशी जखमेकडे धावतात. चोर गेला की घरी परततात. पण रोजच आरोळी उठली तर? त्याच काठ्यांनी घरातली भांडी फुटू लागतात. पांढऱ्या पेशींनी सोडलेली तीव्र रसायने शेजारच्या निरोगी पेशींच्या जनुकांनाही इजा करतात. जखम भरण्यासाठी दिलेले ‘वाढा’ हे संदेश बिघडलेल्या पेशींच्याही पथ्यावर पडतात.

कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशी असतात, हे जर्मनीच्या विरचो यांनी १८६३ सालीच नोंदवले होते. कर्कपेशी या पहारेकऱ्यांपैकी काहींना फितवतात, तर काहींना ‘थांबा’ अशी खूण दाखवून निष्क्रिय करतात. अशा खुणांचा शोध लावून त्यावर उपचाराची दिशा दाखवल्याबद्दल अ‍ॅलिसन व होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. त्यातून औषधे निघाली. पण ती महाग आहेत आणि सर्वांना लागू पडत नाहीत. दाह कमी करणाऱ्या गोळ्या खाऊन तंबाखू चालू ठेवणे, हाही उपाय नव्हे. आग लावणारा हात थांबला पाहिजे.

महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, म्हणून निर्धास्त राहू नये. मळलेली तंबाखू, मिश्री, मावा घातकच. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे.

चूक केवळ रुग्णांची नाही. असा चट्टा पाहून जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून देणारे आम्ही डॉक्टरही तितकेच दोषी. तरुणपणी मीही तेच केले आहे. आता माझा नियम एकच : पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही दिसले की तज्ज्ञाकडे चिठ्ठी. तुकडा काढून तपासल्याने रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे. पसरतो तो वाट पाहण्याने.

त्या गृहस्थांना मी गोळ्या दिल्या नाहीत. जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. ते थोडे नाराज झाले. नाराजी परवडेल, उशीर परवडणार नाही. आज रात्री दात घासताना आरशासमोर आपणही एकदा तोंड उघडून पाहा.