कॅमेरा कोणाकडे वळवावा?

दिवाळी सरली की बिद्रीचा रस्ता उसाने भरून जातो. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांची व बैलगाड्यांची रांग लागते. अशाच एका सायंकाळी चढावर एका गाडीचा बैल घसरून गुडघ्यांवर आला. शाळेतून परतणाऱ्या तीन मुलांनी तत्काळ मोबाईल काढून त्याचे चित्रण आरंभिले. गाडीवान ओरडला, "पोरांनो, ते ठेवा खिशात आन् चाकाखाली दगड लावा!" दोघे धावले. तिसरा चित्र घेतच राहिला. मी त्यास हटकले, तेव्हा तो म्हणाला, "मी चित्र घेतले, त्यात बैलाचे काय बिघडले?"

मुलाचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नव्हता. बैलाचे काही बिघडले नाही, हे खरेच. परंतु त्या वेळी गाडीला दोन हात कमी पडले, हेही तितकेच खरे.

कोल्हापूर प्रांतास कॅमेरा नवा नाही. परदेशी यंत्र सहज मिळण्याजोगे नव्हते, म्हणून बाबूराव पेंटर आणि त्यांचे आप्त आनंदराव पेंटर यांनी चलच्चित्रणाचा कॅमेरा स्वतःच घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. तरी बाबूरावांनी शिष्यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास ते काम तडीस नेले. या कॅमेऱ्याने त्यांनी प्रथम पौराणिक कथा टिपल्या. पुढे १९२५ मध्ये 'सावकारी पाश' या मूकपटात त्यांनी कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी पडद्यावर आणला. त्यातील एक उदास झोपडी आणि रडणारे कुत्रे प्रेक्षकांच्या मनात दीर्घकाळ घर करून राहिले. राजेरजवाड्यांच्या कथा डोळ्यांपुढे असताना बाबूरावांनी कॅमेरा झोपडीकडे वळविला! माझ्या मते, यंत्र घडविण्याइतकेच हेही त्यांचे मोठे काम होय.

त्या काळी फिल्म महाग होती. हातांनी दांडा फिरविण्यापूर्वी काय घ्यावयाचे, कशासाठी घ्यावयाचे, याचा विचार करणे भागच पडे. आज चित्रणास पैसा लागत नाही, आणि त्याबरोबर तो विचारही सुटला आहे, असे मला वाटते. मोबाईल वाईट म्हणून तो कुलपात ठेवावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. तसे म्हणणारी वडीलधारी मंडळी लग्नात जेवणाऱ्यांच्या तोंडापुढे तोच धरताना मी पाहिली आहेत!

मात्र एक गोष्ट मला सहन होत नाही. हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड मजूर येतात आणि शेताकडेच्या कोप्यांत राहतात. त्यांच्या उघड्यावरच्या चुली, थंडीत कुडकुडणारी लेकरे यांचे चित्रण करून कोणी ते गावभर पाठवितो. बाबूरावांच्या झोपडीत नट होते. ते कॅमेऱ्यापुढे स्वेच्छेने उभे राहिले होते. या माउलीस कोणी विचारले होते काय? 'सावकारी पाश'चा तो मूकपट आज पाहावयासही मिळत नाही. परंतु तिच्या रडणाऱ्या लेकराचे चित्र कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये किती वर्षे राहील, हे तिला कधीच कळणार नाही.

कॅमेरा वळवावयाचाच, तर गुऱ्हाळाकडे वळवावा. काहिलीत रस उकळत असतो. गुळव्या त्यातील थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहतो आणि काहील केव्हा उतरावयाची ते ठरवितो. हे ज्ञान पुस्तकात वाचून येत नाही. ते त्याच्या बोटांत असते. जुने गुळवे थकत चालले आहेत. कोणी विद्यार्थ्याने त्यांची परवानगी मागून, त्यांना बोलते करून, त्या बोटांचे सावकाश चित्रण केले, तर ते मला पाहावयास आवडेल. मात्र चित्रण झाल्यावर ते प्रथम त्या गुळव्यासच दाखवावे. जन्मभर त्या हातांनी काम केले, तरी स्वतःचे हात असे समोर ठेवून पाहण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच आली असेल.