गोव्याचे दोन विमानतळ

गोव्याचे तिकीट काढताना कुटुंबप्रमुखाची नजर बहुधा भाड्यावर असते. विमान कोठे उतरणार, याकडे लक्ष जात नाही. पूर्वी वास्कोजवळचा दाबोळी हा एकच विमानतळ होता. ५ जानेवारी २०२३ पासून उत्तरेकडील पेडणे तालुक्यात मोपा येथूनही उड्डाणे सुरू झाली. तिकिटावर दाबोळीसाठी ‘जीओआय’ आणि मोपासाठी ‘जीओएक्स’ अशी अक्षरे असतात.

हरमल, मोरजी किंवा सिंधुदुर्गातील शिरोडा, वेंगुर्ला येथे जाणाऱ्यास मोपा सोयीचा. कोलवा, बाणावली, पाळोळे येथे मुक्काम असल्यास दाबोळी. मोपाहून पाळोळे गाठायचे तर मांडवी आणि झुआरी ओलांडून जवळजवळ सारा गोवा पार करावा लागतो. तिकिटात वाचलेले पैसे मग टॅक्सीत जातात. दुपारी उशिरा उतरलेल्या कुटुंबाला सूर्यास्त वाटेतच गाठतो आणि वृद्ध आईवडिलांचे सायंकाळचे भोजन राहून जाते.

माल घेताना वाहतूकखर्च धरल्याखेरीज कोणी व्यापारी भाव ठरवीत नाही. प्रवासालाही तोच हिशेब लावावा : प्रथम मुक्कामाचे गाव, मग विमानतळ आणि उतरण्याची वेळ, शेवटी भाडे.