बर्फाची वही, कोरी पाने

अंटार्क्टिकातील ‘डोम सी’ येथे तीन किलोमीटरहून अधिक खोल छिद्र घेऊन काढलेल्या बर्फाच्या गाभ्यात, म्हणजेच ‘आइस कोअर’मध्ये, आठ लाख वर्षांच्या हवामानाची नोंद आहे. पण ही नोंद म्हणजे रोजनिशी नव्हे. बर्फ ज्या दिवशी पडला, त्याच दिवसाचे पान तीत ठळक उमटते.

पाण्यात ऑक्सिजनचे हलके आणि जड अणू असतात. थंडी जितकी कडक, तितके पडणाऱ्या बर्फातील जड अणू कमी. या प्रमाणावरून शास्त्रज्ञ जुने तापमान काढतात. मात्र पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर वर्षभरात फारच थोडा बर्फ पडतो आणि त्याचा मोठा वाटा मोजक्या वादळांतून येतो. ही वादळे समुद्रावरची उबदार, दमट हवा घेऊन येतात. मार्च २०२२ मध्ये अशाच लोंढ्याने ‘डोम सी’चे तापमान सरासरीच्या सुमारे ४० अंश सेल्सिअस वर नेले होते. कोरड्या, कडाक्याच्या दिवसांची पाने मात्र जवळपास कोरीच राहतात.

ग्रीनलंडने हा धडा १९९०च्या दशकात दिला. ऑक्सिजनच्या अणूंवरून हिमयुगातील थंडीचा जो अंदाज निघाला, त्याच्या जवळपास दुप्पट फरक छिद्रातील बर्फाचे तापमान थेट मोजल्यावर दिसला. हिमयुगात तेथे हिवाळ्यात बर्फ फार कमी पडत असे, त्यामुळे गाभ्यात उन्हाळाच अधिक उतरला, हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते.

म्हणून ही वही खोटी ठरते का? मुळीच नाही. बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बर्फ कोणत्या ऋतूत पडला यावर ठरत नाही. गेल्या आठ लाख वर्षांत ते औद्योगिक युगापूर्वी दशलक्ष भागांत ३०० च्या आसपासची मर्यादा ओलांडून गेले नव्हते. आज ते ४२० च्या वर आहे. तापमानाच्या आकड्यांतील बारकाव्यांचा आधार घेऊन तापमानवाढच नाकारणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय शास्त्रज्ञांनी १२ लाख वर्षांपर्यंतचा बर्फ वर काढला. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातही असे गाभे अभ्यासले जातात. खोल छिद्रे घेण्याइतकेच महत्त्व आज तेथे बर्फ कधी, किती आणि कोणत्या वाऱ्याने पडतो, याच्या रोजच्या मोजणीला द्यायला हवे. आजचा बर्फ समजला, तरच कालचा नीट वाचता येईल.