राजीनाम्याचा अभिमान, बहिणीच्या दरखास्तीला हरकत!



हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदावर लाथ मारली, हे आपण प्रत्येक जयंतीला अभिमानाने सांगतो. टाळ्या पडतात. आणि त्याच मंचावरून उतरलेला भाऊ बहिणीच्या वाट्याला हरकत घ्यायला कोर्टात उभा राहतो. वस्त्यांत काम करताना आम्ही हे अनेकदा पाहिले आहे.

बहीण वाटपाचा दावा जिंकते. हुकूमनामा होतो. ताब्यासाठी ती दरखास्त दाखल करते आणि खरा खेळ तिथून सुरू होतो. बेलिफ दारात आला की घरात अचानक 'भाडेकरू' उगवतो. जुन्या तारखेचे हक्कसोडपत्र निघते. चुलता तिऱ्हाईत बनून अर्ज देतो. कहर म्हणजे काही जण म्हणतात, "आम्ही बौद्ध, आम्हाला हिंदू वारसा कायदा लागूच नाही!"

धम्माची ढाल करून बहिणीला लुबाडणाऱ्यांनी १९५६ च्या त्या कायद्याचे कलम २ वाचावे. तो बौद्धांनाही लागू आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला. वडील त्या दिवशी हयात नसले तरी तो हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

हरकत घेण्याचा अधिकारच नको, असे आमचे म्हणणे नाही. खऱ्या भाडेकरूला, खऱ्या खरेदीदाराला संरक्षण हवेच. म्हणूनच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मध्ये अशा हरकतींचा निर्णय दरखास्तीतच करण्याची सोय आहे. पण विनाकारण ताबा अडवणाऱ्याला तीस दिवसांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते, हेही तिथेच लिहिले आहे. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, उशीर झाला तर कारणे लेखी नोंदवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले. तरी तारखा पडतात, कारण अडवणाऱ्याला वेळच हवा असतो. बहीण थकली की "तिनेच माहेरासाठी हक्क सोडला" म्हणायला हा मोकळा!

तरुणांनो, शेजारच्या घरी बेलिफ आला तर खोटा पंच, खोटा भाडेकरू होऊ नका. बहिणीच्या बाजूने उभे राहा. आणि आपल्याच घरी आला तर किल्ली तिच्या हातात द्या. मगच राजीनाम्यावर भाषण करा.

जय भीम!