घरबांधणीचा धंदा व कॉलेजचें शिक्षण

इमारती बांधून विकण्याचा धंदा करूं इच्छिणाऱ्या मुलानें कॉलेजांत तीन-चार वर्षें घालवावींत काय, हा प्रश्न हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून वादाचा होऊन बसला आहे. वडील मंडळी पदवीचा आग्रह धरतात, चिरंजीव म्हणतात, "हा धंदा बांधकामावर उभें राहूनच शिकावयाचा, पदवीचा खर्च मला भांडवल म्हणून द्या."

चिरंजीवांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. गवंड्याकडून काम करून घेणें, दलालाचें बोलणें पारखणें, या गोष्टी वर्गांत शिकवीत नाहींत. १ मे २०१७ पासून पूर्णपणें अमलांत आलेल्या 'रेरा' कायद्यानेंही विकासकाला पदवीची अट घातलेली नाहीं.

परंतु हा धंदा विटांचा दिसला, तरी मूळचा कागदांचा आहे. समजा, सातबाऱ्यावर दोन भावांचीं नांवें पाहून एखाद्या उत्साही तरुणानें जमीन घेतली. सातबारा हा महसुलाचा दाखला, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, हें त्यास ठाऊक नाहीं. २००५ सालच्या दुरुस्तीनें हिंदु कुटुंबाच्या अविभक्त वडिलार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्यासाठीं दुरुस्तीच्या वेळीं वडील हयात असण्याची जरुरी नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. त्या भावांच्या बहिणीनें दावा लावला, तर अर्धवट इमारत वर्षानुवर्षें तशीच पडून राहावयाची! त्यांत या तरुणाचेंच नव्हे, तर जन्माची पुंजी देऊन तेथें घर नोंदविणाऱ्यांचेंही नुकसान आहे.

वकील ठेवतां येतो, हें खरें. पण वकील विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देतो; काय विचारावें, हें आपणांसच कळावें लागतें. हिशेबाचीही तीच गोष्ट. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकीं ७० टक्के रक्कम निराळ्या खात्यांत ठेवून ती जमीन व बांधकाम यांवरच खर्च करावी, असें 'रेरा'चें बंधन आहे. ज्यास जमाखर्च वाचतां येत नाहीं, तो तें पाळणार कसा?

तेव्हां कॉलेज आवश्यक, पण तें केवळ पदवीच्या कागदासाठीं नव्हे. कायदा, वाणिज्य किंवा स्थापत्य यांपैकीं एक विषय घ्यावा, आणि सुट्ट्या बांधकामावर व दुय्यम निबंधकाच्या कचेरींत घालवाव्या. दोन्ही शिक्षणें एकमेकांस पूरक आहेत.

भांडवल देण्यापूर्वीं वडील मंडळींनीं एक सोपी परीक्षा घ्यावी. घरच्या वाड्याचे कागद मुलापुढें ठेवावे, आणि मिळकत कोणाकडून कोणाकडे आली, कर्जाचा बोजा आहे काय, आत्याबाईंचा हक्क कोठें पोहोंचतो, हें त्यास समजावून सांगण्यास लावावें. मुलगी या धंद्यांत उतरूं पाहत असेल, तर तिलाही हीच परीक्षा. जो स्वतःच्या घराचे कागद वाचूं शकत नाहीं, त्याच्या हातीं दुसऱ्यांचीं घरें सोंपविण्याची घाई कशाला? तोंवर थैलीची गांठ सोडूं नये, हेंच इष्ट.